व्हॅनमधली टाकी, पंप आणि आरओ: ४०० लिटरच्या काच-सफाई किटचा हिशेब

आधी निकाल. ब्रिटनमध्ये ‘सगळं एकात’ म्हणून विकली जाणारी ४०० लिटरची व्हॅन-माउंट सिस्टिम निम्मी उत्तम आहे, आणि उरलेली निम्मी व्हॅनमध्ये नसलेलीच बरी. चपटी टाकी, १२ व्होल्टचा पंप, त्याचा कंट्रोलर, १०० मीटर नळीचं रीळ हा पाणी पोचवणारा भाग. तो व्हॅनमध्येच हवा. त्याच चौकटीवर बसवलेला आरओ हा पाणी शुद्ध करणारा भाग. तो घराच्या किंवा गॅरेजच्या भिंतीवर असावा. भाड्याच्या घरात राहता, भिंतीला हात लावता येत नाही, गॅरेजही नाही, अशी अडचण असेल तरच आरओ गाडीत घ्या. बाकीच्यांनी त्या जागेचे आणि वजनाचे पैसे वाचवावेत.

हा धंदा ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. लांब पोलच्या टोकाला ब्रश, ब्रशमध्ये पाण्याच्या दोन बारीक धारा, आणि ते पाणी क्षारमुक्त. ब्रशने घासायचं, वरून खाली धुऊन काढायचं आणि तसंच सोडून द्यायचं. फडकं लागत नाही, कारण पाणी वाळलं तरी मागे राहायला त्यात काहीच नसतं. ‘वर्क ॲट हाइट’ची २००५ ची नियमावली आल्यापासून ही पद्धत तिथे झपाट्याने पसरली. शिडीवर बंदी आली असं अनेकजण सांगतात, ते खरं नाही. जे काम जमिनीवरून होऊ शकतं ते जमिनीवरून करा, एवढंच नियम म्हणतो. तेवढ्यानेच पोलची बाजू भक्कम झाली.

किट निवडण्याआधी नळाला टीडीएस मीटर लावा

बहुतेक लोक टाकीच्या लिटरवरून किट निवडतात. सुरुवात नळापासून व्हायला हवी. लंडन, केंट, हार्टफर्डशर या भागाचं पाणी खडूच्या थरांतून येतं. टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले मिलिग्रॅम क्षार, ३०० ते ४०० सहज दिसतो. ग्लासगोला १८५९ पासून लॉख कॅट्रिन या तलावाचं पाणी मिळतं, ते इतकं हलकं की मीटरवर आकडा ४० च्या आसपास. या दोन गावांतल्या माणसांनी एकच किट घेणं म्हणजे एकाने तरी पैसे वाया घालवणं.

का, ते आकड्यांत पाहू. मिक्स्ड बेड रेझिन, म्हणजे पाण्यातले उरलेसुरले क्षार शोषून मीटर शून्यावर आणणारे ते मणी, ढोबळमानाने लिटरला २५ ग्रॅम क्षार धरतात. २५ लिटरची अख्खी गोणी घेतली आणि ३५० टीडीएसचं पाणी थेट त्यातून सोडलं, तर १,८०० लिटरच्या आत खेळ खलास. ४०० लिटरची टाकी जेमतेम साडेचार वेळा भरेल. रोज एक टाकी वापरणाऱ्याची गोणी आठवडाभरही पुरत नाही. तीच गोणी ४० टीडीएसच्या पाण्यावर १५,००० लिटरच्या पुढे जाते, म्हणजे ३८-३९ टाक्या. म्हणून ग्लासगोत आरओची गरज नाही, नुसतं रेझिन परवडतं. लंडनात आरओशिवाय धंदा करणं म्हणजे दर आठवड्याला नवी गोणी फोडणं.

ब्रिटनमधले काच-सफाईवाले ज्या रेझिनची नावं घेतात त्यात तुल्सिऑन एमबी-११५ बरंच वर असतं, आणि ते आपल्या पुण्याच्या थरमॅक्सचं. लंडनच्या खिडकीवर डाग पडत नाही यात थोडा वाटा पुण्याचाही आहे, हे तिथल्या मराठी मंडळींना बहुधा ठाऊक नसावं.

आरओ लावला की हिशेब पालटतो. चांगल्या अवस्थेतली मेम्ब्रेन, म्हणजे आरओमधला गाळणारा पापुद्रा, ९५-९६ टक्के क्षार अडवते. ३५० चं पाणी १४ ते १८ वर येतं. त्यानंतर लहानसं ११ लिटरचं रेझिन पात्र कागदावर १९,००० लिटरपर्यंत चालतं. प्रत्यक्षात थोडं कमी, कारण पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आरओमधून सरळ पार होतो आणि रेझिनची ताकद खातो. आरओनंतरच्या मीटरवर तो जवळपास दिसतही नाही. तुमचं रेझिन ‘हिशेबापेक्षा लवकर संपतं’ तेव्हा विक्रेत्याशी भांडण्याआधी हे लक्षात घ्या.

१०० टीडीएसच्या खाली नुसतं रेझिन, १५० च्या वर आरओ अधिक रेझिन, मधल्या पट्ट्यात रोज किती पाणी लागतं त्यावर. यापेक्षा बारीक नियमाची गरज नाही.

वजन: इथेच किट आपटतं

४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो. हे सगळ्यांना कळतं, पण बेरीज कोणी करत नाही. लहान व्हॅनची वाहनक्षमता ७०० किलो धरा. पाणी ४००, टाकी आणि लोखंडी चौकट ६०, रीळ आणि नळी २०, बॅटरी २५, आरओ-फिल्टर-पात्रं पाण्यासकट ३०, पोल-शिडी-बादल्या ४०, सोबतचा माणूस ८०. झाले ६५५. वर उरले ४५ किलो. आता त्या ७०० मधून ड्रायव्हरचं वजन आधीच वजा केलं आहे की नाही ते पाहा, कारण कंपन्यांचे तक्ते दोन्ही तऱ्हेने छापलेले असतात. वजा केलं नसेल तर तुम्ही हद्दीबाहेर गेलात, आणि अजून जेवणाचा डबाही ठेवलेला नाही.

दंडाची पद्धत पायरीपायरीची आहे. मर्यादेपेक्षा १० टक्क्यांपर्यंत जास्त असेल तर १०० पौंड, १० ते १५ टक्क्यांना २००, त्यापुढे ३००, आणि ३० टक्क्यांवर थेट कोर्ट. विम्याचा प्रश्न वेगळाच. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवलेला नसेल तर दंडापेक्षा तेच महाग पडतं. शिवाय एकूण वजन बसलं तरी मागच्या आसाची मर्यादा ओलांडलेली असू शकते. दाराच्या चौकटीवरच्या प्लेटवर दोन्ही आसांचे आकडे स्वतंत्र असतात. टाकी मागच्या दाराला चिकटवून बसवली तर हमखास असं होतं. ती पुढच्या जाळीभिंतीला टेकून, मागच्या आसाच्या पुढे हवी.

लहान व्हॅन असेल तर २५० ची टाकी घ्या, यात कमीपणा काही नाही. ब्रशमधून मिनिटाला दोन लिटर जातात. तीन बेडरूमच्या जोडघराला दहा ते पंधरा मिनिटं, म्हणजे २० ते ३० लिटर. २५० लिटरमध्ये नऊ-दहा घरं होतात. एकट्या माणसाला, ज्याचा राउंड (ठरलेल्या घरांची फेरी) घराजवळच आहे आणि जो दुपारी टाकी भरून घेऊ शकतो, त्याला याहून जास्त कशाला?

टाकी बांधण्याबाबत मात्र तडजोड नाही. ताशी ३० मैलांवरून गाडी अर्ध्या मीटरात थांबली, तर टाकीवर गुरुत्वाच्या सुमारे १८ पट जोर येतो. ४०० किलोचे सात टन होतात, आणि ते तुमच्या पाठीमागे असतात. रॅचेट पट्ट्यांनी बांधलेली टाकी हे अडवू शकत नाही. पोलादी चौकट, एम-१२ चे ८.८ ग्रेडचे बोल्ट, फरशीखालून जाड पोलादी पट्ट्या, म्हणजे बोल्ट पत्रा फाडून वर येणार नाही. टाकीत पाणी हिंदकळू न देणारे आडवे पडदे असलेच पाहिजेत. अर्धी भरलेली बिनपडद्याची टाकी वळणावर गाडीला ढकलते. क्रॅश टेस्ट झालेली चौकट महाग असते आणि या सगळ्या किटमध्ये पूर्ण किंमत वसूल करणारी तीच एक वस्तू आहे. भोकं पाडण्याआधी खाली वाकून बघा. इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग तिथूनच जातात. विजेवरची व्हॅन असेल तर फरशीखाली मुख्य बॅटरी असते. तिथे कंपनीने दिलेल्या बिंदूंखेरीज कुठेही ड्रिल लावू नका.

पंप, कंट्रोलर, वीज

पंप सहसा शुर्फ्लोचा किंवा त्याच्यासारखा, १२ व्होल्ट, १०० पीएसआय, मिनिटाला पाच लिटरचा डायफ्राम पंप. हा भाग बहुतेक किटमध्ये ठीकच असतो. तो टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली बसवा आणि आधी जाळीचा गाळक लावा. टाकीपासून पंपापर्यंतची नळी आतून किमान १२ मिलिमीटर हवी. पंप घरघरतो पण पाणी नाही, ही तक्रार आली की दहापैकी आठ वेळा गाळकाच्या झाकणाची ओ-रिंग हवा ओढत असते. बाहेर पाणी गळत नाही म्हणून तिच्यावर संशय जात नाही. पण ओढणाऱ्या बाजूला गळती आतल्या बाजूने होते. रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, काम झालं.

कंट्रोलर पंपाचा वेग कमीजास्त करतो आणि नळी बंद झाल्याचं ओळखून पंप थांबवतो. ही ओळख त्याला शिकवावी लागते. संपूर्ण नळी उलगडून, पोल जोडून, रोजच्या वेगाला तोटी बंद करून कॅलिब्रेशन करा. रिळावर गुंडाळलेल्या नळीवर किंवा पोल न जोडता केलेलं कॅलिब्रेशन पहिल्याच घरी दगा देतं. थंडीत नळी आखडते, पाणीही घट्ट होतं, दाब वाढतो, आणि चालू पाण्यातही कंट्रोलर ‘बंद’ची खूण दाखवू लागतो. पंप बिघडला समजून नवा आणणारे कमी नाहीत. नोव्हेंबरात पुन्हा कॅलिब्रेशन करायचं आणि एप्रिलमध्ये परत. पंपावरचा स्वतःचा प्रेशर स्विच आणि कंट्रोलर एकमेकांशी भांडत असतील, म्हणजे पंप टक-टक करत चालू-बंद होत असेल, तर कंट्रोलरच्या पत्रकात सांगितल्याप्रमाणे स्विच बाजूला काढा.

बॅटरीचा भाग विक्रेते फार हलक्यात घेतात. पंप ५ अँपिअर खातो. पाच तास चालला तर २५ अँपिअर-तास. ११० ची लेड-ॲसिड लीझर बॅटरी (पंपासाठीची वेगळी बॅटरी) निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हाताशी ५५. दोन दिवसांत चार्ज हवा. जुन्या गाड्यांत स्प्लिट चार्ज रिले लावला की गाडी चालता चालता बॅटरी भरायची. युरो ५ आणि ६ या धूर-मानकांच्या अनेक गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर असतो. इंधन वाचवायला तो व्होल्टेज पाडतो, रिले सुटतो आणि बॅटरी उपाशी राहते. अशा गाडीला बॅटरी-टू-बॅटरी चार्जरच हवा. ‘सगळं एकात’ किटच्या कमी किमतीत बरेचदा साधा रिलेच दिलेला असतो, हे ऑर्डर देताना विचारून घ्या. आणि तुमचा राउंड दोन-तीन मैलांच्या आत फिरत असेल तर गाडीवर भिस्त ठेवूच नका, रात्री घरच्या चार्जरला लावा. लिथियम घेणार असाल तर शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नाही. ब्रिटिश जानेवारीत रात्रभर बाहेर उभ्या गाडीत हे सहज घडतं. फ्यूज बॅटरीपासून एका वितीच्या आत, जाड वायर, लग क्रिंप केलेले. डाग देऊन जोडलेली वायर गाडीच्या हादऱ्याने तुटते.

आरओ गाडीत का नको

४०४० मेम्ब्रेन, म्हणजे चार इंच जाड आणि चाळीस इंच लांब, नळाच्या दाबावर चालते. चार बार दाब आणि १० अंशांचं पाणी असेल तर मिनिटाला पावणेतीन-तीन लिटर, म्हणजे ४०० लिटरना अडीच तास. दाब अडीच बार असला की चार-पाच तास. पाणी एक अंश थंड झालं की उत्पादन सुमारे तीन टक्के घटतं; २५ अंशांना मोजून छापलेला आकडा जानेवारीत निम्मा होतो. पत्रकातल्या गॅलनवर जाऊ नका. इंग्लंड-वेल्समध्ये ग्राहकाला भरपाई मिळण्यासाठी धरलेला किमान दाब फक्त ७ मीटर, म्हणजे ०.७ बार आहे. टेकाडावरच्या घरात बूस्टर पंपाशिवाय आरओ नुसता ठिबकतो.

आता हे सगळं गाडीत आहे असं समजा. रोज संध्याकाळी नळाची नळी गाडीपर्यंत, सांडपाण्याची नळी गाडीपासून गटारापर्यंत, दार किलकिलं, आणि तीन-चार तास वाट. सांडपाणी शुद्ध पाण्याइतकंच निघतं. ४०० लिटरसाठी नळाचे ८०० जातात. मेम्ब्रेन रस्त्यावरच्या हादऱ्यात. एका रात्री उणे तीन अंश झाले की हौसिंगला, म्हणजे मेम्ब्रेनच्या नळकांड्याला, तडा जाऊ शकतो. आणि हे वजन तुम्ही दिवसभर वाहत फिरता, जेव्हा त्याचा काडीचा उपयोग नसतो. तेच भिंतीवर असेल तर दिवसभरात मोठी साठवण टाकी हळूहळू भरते, आणि संध्याकाळी ट्रान्सफर पंपाने गाडीत दहा-पंधरा मिनिटांत पाणी.

भिंतीवर असो वा गाडीत, जोडणीचा क्रम एकच. नळ, उलट प्रवाह रोखणारा डबल चेक व्हॉल्व (इंग्लंड-वेल्समध्ये १९९९ च्या पाणी-जोडणी नियमांनुसार उलट प्रवाह रोखणं बंधनकारक), गाळ अडवणारा ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर, कार्बन ब्लॉक फिल्टर, आरओ, मग रेझिन, मग टाकी. कार्बनला कमी लेखू नका. तो चव सुधारायला नसून मेम्ब्रेन वाचवायला आहे, कारण क्लोरीन तिला खाऊन टाकतो. कार्बन संपला हे टीडीएस मीटर सांगत नाही. क्लोरीन तपासायच्या पट्ट्या मिळतात, कार्बननंतरच्या पाण्यात महिन्यातून एकदा बुडवा. रंग आला की त्याच दिवशी बदला. ज्या भागात क्लोरीनऐवजी क्लोरामिन घालतात तिथे साधा १० इंची कार्बन लवकर थकतो, २० इंची घ्या.

आरओ रात्रभर बंद राहिला की क्षार मेम्ब्रेनमधून हळूहळू शुद्ध बाजूला झिरपतात. सकाळी पहिली दोन-तीन मिनिटं पाणी १५ ऐवजी ८०-१०० दाखवतं. हे पाणी थेट रेझिनवर सोडलं तर रोज थोडं थोडं रेझिन फुकट जातं. आरओ आणि रेझिनच्या मध्ये तीन-तोंडी व्हॉल्व बसवा आणि आकडा खाली येईपर्यंत पाणी बाहेर सोडा. एवढासा व्हॉल्व, पण तयार किटमध्ये अभावानेच दिसतो. तीच गत आपोआप बंद होण्याची. टाकीत फ्लोट व्हॉल्व असतो, टाकी भरली की शुद्ध पाणी थांबतं, पण आरओचं सांडपाणी रात्रभर वाहतच राहतं आणि मेम्ब्रेनवर उलटा दाब येतो. शुद्ध बाजूचा दाब वाढताच नळाकडचं पाणी तोडणारा शट-ऑफ व्हॉल्व आणि सोबत चेक व्हॉल्व असेल तरच ‘ऑटोमॅटिक’ म्हणा.

मेम्ब्रेन बसवताना तिच्या एका टोकाला रबराची ओठासारखी कड असते, ती पाणी येण्याच्या बाजूला हवी. उलटी बसवली तर पाणी मेम्ब्रेनच्या बाहेरून निसटतं. मधल्या नळीच्या ओ-रिंगा चिमटल्या असतील तर नवी मेम्ब्रेनसुद्धा ८० टक्क्यांवर अडते. बदलण्याआधी त्या पाहा. आठवड्यातून एकदा फ्लशचा व्हॉल्व उघडून पाच-दहा मिनिटं जोरात पाणी जाऊ द्या. एकदा ओली झालेली मेम्ब्रेन सुकू द्यायची नाही.

रेझिन पात्र उभंच हवं. आडवं ठेवलं की मणी खाली बसतात, वर मोकळी वाट होते आणि पाणी तिथूनच पळतं. मीटर शून्यावरून दोन, पाच, दहा असा चढू लागला की बदलायची तयारी करा. दहाच्या वर काचेवर ठिपके पडतात. संपलेल्या रेझिनला माशासारखा वास येतो. एक गंमत अशी की सिलिका रेझिनला सैल धरून असते, त्यामुळे शेवटी शेवटी तीच आधी सुटते आणि मीटरला ती दिसत नाही. मीटरवर शून्य आणि काचेवर पांढुरके ठिपके, तेही काळ्या चौकटीच्या मोठ्या काचांवर, असं झालं तर रेझिन बदलून पाहा.

डाग पडले म्हणजे पाणी वाईट, असं नसतं

किटवरच्या निम्म्या तक्रारी खरं तर हाताच्या असतात. वरच्या चौकटीत, हवेच्या झरोक्यात साठलेली माती ओघळून खाली येते. म्हणून आधी चौकट आणि झरोका घासायचा, मग शेजारची खिडकी करायची, आणि परत येऊन पहिलीची काच धुवायची. पहिल्यांदाच धुतली जाणारी खिडकी दोन फेऱ्यांशिवाय निघत नाही. जुन्या प्लास्टिक चौकटीचा पांढरा भुगा तर तीन-तीन वेळा उतरतो. धुताना ब्रश काचेवरून थोडा उचलायचा की टेकवूनच ठेवायचा हे काचेवर ठरतं. पाणी पसरून चादरीसारखं उतरत असेल तर उचला, थेंब धरत असेल तर टेकवून ठेवा.

नळी आतून ६ मिलिमीटरची मायक्रोबोअर, म्हणजे बारीक भोकाची, घ्या. हलकी असते, कुंपणावरून ओढायला सोपी. ८ ची घेतली तर जास्त पाणी मिळतं, पण १०० मीटर नळीतल्या पाण्याचंच वजन पावणेतीन किलोवरून पाच किलोवर जातं. जोडणीचे रेक्टस २१ कपलर चांगले. धूळ गेली की अडतात. पोल कार्बन फायबरचा असेल तर तो वीज वाहतो. लाकडी खांबावरच्या उघड्या तारांपासून ९ मीटर आणि लोखंडी मनोऱ्यांपासून १५ मीटर लांब राहण्याचा तिथला सुरक्षा नियम पोल किती लांब केला आहे ते धरून मोजायचा. गरम पाण्याचा हीटर बहुतेकांनी टाळावा. पक्ष्यांच्या विष्ठेवर आणि चिकट मळावर तो चांगला चालतो, नळीही मऊ राहते, पण खर्च, वजन आणि देखभाल पाहता फक्त हॉटेलं-दुकानांच्या कामालाच परवडतो.

उन्हाळ्यात दुसरी काळजी. शुद्ध पाण्यात क्लोरीन उरलेलं नसतं, आणि लिजिओनेला २० ते ४५ अंशांत वाढतो. बंद गाडीत उन्हात उभी टाकी तिथे सहज पोचते, आणि आपण त्याच पाण्याचे तुषार उडवतो. पाणी फिरतं ठेवा, सुट्टीवर जाताना टाकी रिकामी करा, वर्षातून दोनदा निर्जंतुक करून खळखळून धुवा. त्या वेळी रेझिन आणि मेम्ब्रेन बाजूला काढायला विसरू नका.

महाराष्ट्रात हे चालेल का

काचेच्या उंच इमारतींना नाही. तिथे गोंडोला आणि दोरखंडवालेच हवेत. जमिनीवरून पोल चौथ्या-पाचव्या मजल्यापलीकडे वापरण्यात अर्थ नाही. शोरूम, बंगले, दवाखाने इथे चालेल. पण खरा उपयोग सौर पॅनेल धुण्याला आहे, कारण बोअरच्या पाण्याने धुतलेल्या पॅनेलवर क्षारांचा थर चढत जातो. पाणी बोअरचं आणि टीडीएस हजारच्या पुढे असेल तर ब्रिटिश किटमधली कमी दाबाची मेम्ब्रेन चुन्याने बुजते. आधी सॉफ्टनर किंवा अँटिस्केलंट, आणि जास्त दाबाचा पंप धरूनच हिशेब करा. पॅनेल पहाटे धुवायचे, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी नको. दंवाची भीती नाही, तेवढाच खर्च वाचला.

पैशांचं म्हणाल तर तयार बसवून मिळणारी सिस्टिम काही हजार पौंडांना पडते, आणि सुटे भाग आणून स्वतः बसवली तर साधारण निम्म्यात होते. चौकट आणि तिची बसवणी व्यावसायिकाकडून, बाकी सगळं स्वतः, हा मधला मार्ग आम्हाला सर्वांत पटतो. नळी कुठून कुठे जाते हे हाताने जोडलेल्या माणसालाच रस्त्यात पंप थांबल्यावर कळतं. सेकंडहँड किट बघायला गेलात तर टाकीला आतून पडदे आहेत का ते झाकण उघडून टॉर्चने पाहा, चौकटीचे बोल्ट विक्रेत्याच्या गाडीत कसे होते त्याचा फोटो मागा, आणि आरओ किती महिने कोरडा पडून होता हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर मेम्ब्रेनची किंमत शून्य धरून भाव करा.